भाग ३४ : नाताळाची तयारी मे महिन्यात सुरू होते

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे अडखळलो ते गाळलंय, बाकी जसंच्या तसं.

या वेळी विषय घरचाच आहे. आमचं गाव वसईच्या समुद्रकाठावर, भुईगावच्या बाजूला. मी पुण्यात नोकरी करतो आणि एरवी २३ तारखेला रात्री उशिरा घरी पोहोचतो. तोपर्यंत सगळं तयार असतं. डबे भरलेले, कंदील टांगलेला, गव्हाणी मांडलेली. मला वाटायचं नाताळ असाच असतो, म्हणजे तयारच असतो.

या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आईचा फोन आला. आजी एप्रिलमध्ये पडली होती. खुब्याचं ऑपरेशन झालं, आता काठी घेऊन चालते, पण चुलीपाशी उभं राहणं बंद. काकाचं म्हणणं, हॉल घेऊ आणि जेवण बाहेरून मागवू. आजीचं म्हणणं, मी जिवंत असेपर्यंत नाताळ घरात. एकतीस माणसं येणार. आई म्हणाली, "तू एवढे इतिहासाचे भाग करतोस ना, मग या वर्षीची तयारी तूच बघ."

मी माझ्या सवयीप्रमाणे एक्सेल उघडलं. काम, कोण करणार, किती दिवस, कशाच्या आधी काय व्हायला हवं. पोर्कचं इंद्याल : दोन दिवस आधी. फुग्या : आदल्या रात्री पीठ. करंज्या, कुलकुल : २० तारखेपर्यंत. यादी छान झाली. व्हिडिओ कॉलवर आजीला वाचून दाखवली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. ती घरात आमच्या सामवेदी बोलीत बोलते, जिला कादोडी म्हणतात. तुमच्यासाठी मराठीत सांगतो. ती म्हणाली, "आणि मसाला?"

मी म्हटलं, मसाला आहेच की घरात. आई आत जाऊन बघून आली. बिअरची एक बाटली, अर्धी. गेल्या वर्षीची.

तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की या वर्षी मे महिन्यात मसाला झालाच नाही. मे महिन्यात सगळे हॉस्पिटलात होते.

त्या अर्ध्या बाटलीने मला आपल्या गावाचा इतिहास वेगळ्या बाजूने बघायला लावला. तेच आज सांगायचंय.

डिसेंबरच्या चार तारखा

वसईचा इतिहास शाळेत आपण दोन वाक्यांत शिकतो. पोर्तुगीज आले, चिमाजीअप्पांनी त्यांना घालवलं. मी यादी करता करता तारखा लिहायला लागलो, आणि एक गोष्ट दिसली जी आधी कधी दिसली नव्हती.

पहिली तारीख, २३ डिसेंबर १५३४. गुजरातचा सुलतान बहादूरशाह हुमायूनच्या धास्तीत होता. त्याने पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्याशी तह केला. वसई आणि तिच्या ताब्यातली बेटं पोर्तुगिजांना मिळाली. त्यांत साष्टी आली, मुंबईची बेटंही आली. तह झाला 'साओ मातेउश' नावाच्या गलबतावर. तेव्हाच्या कॅलेंडरप्रमाणे नाताळ दोन दिवसांवर होता.

दुसरी, २८ डिसेंबर १७७४. इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला, आणि पाठोपाठ साष्टी बेट त्यांच्याकडे गेलं. वसईच्या खाडीपलीकडचा सगळा मुलूख.

तिसरी, डिसेंबर १७८०. जनरल गॉडार्डच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला. दोनच वर्षांत, १७८२ च्या सालबाईच्या तहाने, तो परत मराठ्यांकडे आला.

चौथी तुम्हाला माहीत असेल, ३१ डिसेंबर १८०२. वसईचा तह. त्या वर्षी २५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुण्यातून निसटला, कोकणात उतरला आणि समुद्रमार्गे डिसेंबरच्या मध्यावर वसईला पोहोचला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याने इंग्रजांची तैनाती फौज मान्य केली. मराठी राज्याच्या शेवटाची सुरुवात बरेच जण तिथून मोजतात.

म्हणजे बघा, २५ डिसेंबर १८०२ ला पेशवा स्वतः वसईत होता. एकीकडे कागदांवर वाटाघाटी चालल्या होत्या, आणि किल्ल्याबाहेरच्या वाड्यांमध्ये आमचे पूर्वज मध्यरात्रीच्या प्रार्थनेला निघाले असणार.

पहिल्यांदा मला हा योगायोग वाटला. मग लक्षात आलं, योगायोग नाहीच. उत्तर साधं आहे : हवा.

एकच मोसम, दोन कामं

आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन का? कारण पाऊस संपलेला असतो, नद्या उतरलेल्या असतात, घोड्यांना चारा असतो. मोहिमा दसऱ्यानंतर निघायच्या आणि मृगाच्या आधी परतायच्या. समुद्रावरही तेच. नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडतात, पण समुद्र खऱ्या अर्थाने शांत होतो तो पुढे हिवाळ्यात. शिडाची जहाजं किनाऱ्याला लावायची, तोफा उतरवायच्या, तर डिसेंबरसारखा महिना नाही. लढायाही या मोसमात आणि तहही याच मोसमात.

आता हेच घरातून बघा. भाताची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. डिसेंबरपर्यंत झोडणी आटोपलेली असते, नवा तांदूळ घरात आलेला असतो. नारळ आहेत, गूळ आहे, मासळी आहे. दिवसा ऊन असतं पण सोसवतं, आणि रात्री अंगणात बसून करंज्या भरता येतात. चित्रातल्या नाताळात बर्फ असतो. आमच्याकडे किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडाची फांदी तोडून आणायची, पत्र्याच्या डब्यात वाळू भरून त्यात रोवायची आणि वर कापूस चिकटवायचा, हा आमचा बर्फ. तीस अंश उन्हात आणि कपाळावर घाम घेऊन तो चिकटवायचा.

म्हणजे ज्या कारणाने सरदारांना डिसेंबर सोयीचा, त्याच कारणाने आमच्या बायकांनाही सोयीचा. मोकळा रस्ता, शांत समुद्र, भरलेली कणगी. एकाच मोसमावर दोन कॅलेंडरं चालत होती. एकाच्या नोंदी दफ्तरांत राहिल्या. दुसऱ्याच्या नोंदी कुणी केल्या नाहीत, कारण ते दर वर्षी तसंच घडत होतं.

मे महिना : चिमाजीअप्पा आणि बाटली मसाला

आता मे महिन्याकडे येऊ, कारण माझ्या एक्सेलमधली चूक तिथे होती.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, बाटली मसाला किंवा बॉटल मसाला हा मुंबई-वसईच्या ख्रिस्ती घरांचा मुख्य मसाला. वीस-पंचवीस जिन्नस. लाल मिरच्या दोन-तीन जातींच्या, धणे, हळद, तीळ, खसखस, दालचिनी, आणि घरागणिक बदलणारं बाकी बरंच. सगळं कडक उन्हात वाळवायचं, एकेक वेगळं भाजायचं, कांडायचं, आणि मग गडद रंगाच्या बिअरच्या बाटलीत काठीने ठासून भरायचं. ठासून यासाठी की आत हवा राहू नये, आणि गडद काच यासाठी की उजेड लागू नये. असा मसाला वर्षभर टिकतो. पण त्याला ऊन लागतं ते एप्रिल-मेचंच. जूनचा पहिला पाऊस आला की हवेत ओल येते, मिरच्यांना बुरशी धरते, आणि त्या वर्षाचा मसाला संपला. डिसेंबरमध्ये पैसे टाकून, माणसं लावून, काहीही करून तो वेळ परत आणता येत नाही.

चिमाजीअप्पांसमोर हीच अडचण होती, फक्त फार मोठी. वसईला वेढा पडला १७३९ च्या फेब्रुवारीत. किल्ला तिन्ही बाजूंनी पाण्याने आणि दलदलीने वेढलेला, भिंती दगडी, जमिनीकडून वाट एकच. महिने गेले, माणसं पडत राहिली. मे उजाडला. पाऊस लागला असता तर मोर्चे पाण्याखाली, सुरुंगांची दारू भिजलेली, वेढा उठवावाच लागला असता. शेवटच्या दिवसांत सुरुंगांवर सुरुंग उडवले गेले, सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडलं, आणि मेच्या मध्यावर पोर्तुगिजांनी शरणागतीच्या अटी मान्य केल्या. पावसाळा दारात उभा होता.

त्या विजयाच्या खुणा महाराष्ट्रभर आहेत. वज्रेश्वरीचं मंदिर चिमाजीअप्पांच्या नवसाचं. भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकला नारोशंकराच्या देवळात वसई मोहिमेत हाती आलेल्या चर्चच्या घंटा टांगलेल्या आहेत. नाशिककर मोठ्या आवाजाच्या माणसाला अजून नारोशंकराची घंटा म्हणतात. मी कॉलेजात असताना ती पाहिली होती. मित्र म्हणाले, बघ, तुमची घंटा. मी हसलो. पण आत काहीतरी हललं होतं, खोटं कशाला बोलू? मी मराठी माणूस, विजयही माझाच. आणि घंटाही आमचीच.

ते कोडं मला तेव्हा सुटलं नव्हतं. स्वयंपाकघरात थोडं सुटलं.

१७४० चा नाताळ कुणी केला?

प्रश्न असा विचारून बघा. पोर्तुगीज गेले मे १७३९ मध्ये. अटींप्रमाणे त्यांची फौज हत्यारांसह, वाजतगाजत बाहेर पडली. किल्ल्यातली फिदाल्गो म्हणजे सरदार घराणी गेली. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन यांचे मठ रिकामे झाले. त्यांचे सांगाडे आज किल्ल्यात झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेले दिसतात. जे मागे राहिले त्यांना आपला धर्म पाळायची मुभा अटींमध्ये होती, आणि पुढे कारभार पाहिला तो मुख्यतः गोव्याकडच्या देशी पाद्र्यांनी.

मग मागे कोण राहिलं? शेतकरी, बागायतदार, कोळी. सामवेदी, वाडवळ. ज्यांना जायला दुसरी जागाच नव्हती ते. त्यांचं ख्रिस्ती होणं कसं झालं, याचा इतिहास सरळ नाही. पोर्तुगीज काळात देवळं पाडली गेली, जुलूम झाले, गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन बसलं. हे झालं नाही असं मी म्हणणार नाही. आमची बोली बोलणारे सामवेदी ब्राह्मण आजही वसईत आहेत. आमची आणि त्यांची भाषा एक, बागायत एक. म्हणजे एकाच झाडाच्या दोन फांद्या, त्या कधीतरी वेगळ्या झाल्या.

पण १७३९ नंतर जबरदस्ती करणारा राजा गेला. नवीन राजाला नाताळाशी देणंघेणं नव्हतं. तरी सण चालू राहिला. कुणाच्या हुकुमावर? कुणाच्याच नाही. ज्या सणाला तोवर दरबार होता, तोफांची सलामी होती, तो आता घरातल्या माणसांच्या हातावर आला : पीठ कोण मळणार, नारळ कोण खवणणार, कुणाच्या घरी कुणी काय पाठवायचं. मला वाटतं तो खऱ्या अर्थाने आमचा झाला तो तेव्हा. पोर्तुगिजांचा नाताळ १७३९ ला संपला. त्यानंतर जो आहे तो वसईचा.

घरातली झडती घेतली तर हे दिसतं. तुम्हीही घ्या, तुमच्या घरात ख्रिस्ती कुणी नसलं तरी. 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीज, 'नातल' म्हणजे जन्म. वास्को द गामाचं गलबत १४९७ च्या नाताळाच्या सुमाराला आफ्रिकेच्या एका किनाऱ्यापाशी होतं, म्हणून त्या किनाऱ्याचं नाव नाताळ पडलं. तोच तो प्रांत, जिथे पुढे गांधीजी वकिली करायला गेले. तीच सफर पुढे कालिकतला पोहोचली. सोलापूरच्या शाळेतला मुलगा नाताळची सुट्टी म्हणतो तेव्हा तो शब्द त्याच जहाजांवरून आलेला असतो.

परात पोर्तुगीज, बादली पोर्तुगीज, घमेलं, चावी, पाव पोर्तुगीज. मिरची, बटाटा, काजू, पेरू, अननस हे सगळं अमेरिकेतून, पोर्तुगिजांच्या व्यापाराने आलेलं. आज मिरचीशिवाय वऱ्हाडी ठेचा होत नाही, आणि मिरचीला कुणी परकी म्हणत नाही.

आता उलटं बघा. इंद्याल हे मुळात पोर्तुगिजांचं मांस आणि लसूण वाइनमध्ये मुरवायचं तंत्र. त्यांच्या 'विन्हा द आल्योश' या शब्दांवरूनच विंदालू आलं. पण वसईत वाइन कुठली? इथे ताडीचा शिरका आला, मिरची आली, आमचा मसाला आला. फुग्यांचं पीठ आंबवायला ताडी. केक म्हणायचा, पण रवा आणि नारळाचा, ताटलीत थापलेला. कुलकुल काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायचे, आणि शेजारच्या परातीत करंज्या, ज्या तुमच्या दिवाळीत असतात त्याच. आमच्या सामवेदी ख्रिस्ती लोकांना कुपारी म्हणतात. तो शब्दही 'कॉम्पाद्रे'वरून आला असं सांगतात, म्हणजे मुलाच्या बाप्तिस्म्याने जोडलेला सोयरा. आणि कुपारी आजी नेसते ते लाल लुगडं.

गव्हाणीचंही तसंच. येशूजन्माचा देखावा मांडायची प्रथा असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावात केलेल्या देखाव्यामुळे रुजली. त्याच्या पंथाचे साधू वसईत होते; किल्ल्यात त्यांच्या सेंट अँथनी चर्चचे अवशेष आहेत. आमच्या घरी त्या गव्हाणीत हिरवळ लागते, म्हणून आठ-दहा दिवस आधी करवंट्यांत नाचणी पेरतात. घटस्थापनेला तुम्ही पेरता ना, तसंच. हे कुणी कुणाला शिकवलं असा प्रश्न आमच्या घरात कधी कुणी विचारला नाही. करवंटी होती, माती होती, नाचणी होती.

आणि नाताळाची पहिली खरेदी आमच्याकडे होते निर्मळच्या जत्रेत. शंकराचार्यांच्या समाधीची जत्रा, कार्तिक वद्य एकादशीची. तिथून आजी सुकेळी आणते. सुकेळी म्हणजे सालं काढून उन्हात वाळवलेली केळी, पानात बांधलेली, चिकट, मधासारखी. वसईची खास. पन्नासेक वर्षं आजी त्या जत्रेला गेली. नाताळाच्या खरेदीला हिंदूंच्या जत्रेत कशी जातेस, असं लहानपणी मी एकदा शहाणपणाने विचारलं होतं. ती म्हणाली, "मग सुकेळी काय चर्चमध्ये मिळतात?"

जे लढायांना जमलं नाही

आता जरा अवघड भाग. यादीतल्या एकेका ओळीमागे मी लागलो, तेव्हा कळलं की तुटलेली कडी फक्त मसाल्याची नाही.

ताडी. लहानपणी आमच्याकडे सकाळी ताडी यायची. झाडावर चढणारे एक काका होते. त्यांची मुलं आता नोकरीला, झाडावर चढणारं कुणी नाही. मी तीन गावं फिरलो. शेवटी फुग्यांचं पीठ यीस्टच्या पाकिटावर आंबवलं. फुगल्या छान. आजीने एक तोंडात टाकली आणि म्हणाली, "बेकरीची आहे."

तांदूळ. घरचं भात शेवटचं केव्हा लावलं, यावर आई आणि काका यांचं एकमत होईना. काका म्हणाला बारा वर्षं, आई म्हणाली पंधरा. आता पीठ दुकानातून येतं.

पाणी. आमच्या भागात प्रत्येक वाडीला बावखल असायचं. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं खोलगट तळं. पावसाचं पाणी साठवायचं, बागेला द्यायचं, आणि जमिनीत मुरवून समुद्राचं खारं पाणी अडवून धरायचं. केळी, पानवेल, फुलं, भाजी हे सगळं त्याच्या जिवावर. आमचं बावखल दोन घरं सोडून होतं. तिथे आता चार मजली इमारत आहे. आमच्या विहिरीचं पाणी मेमध्ये मचूळ लागतं. सुकेळीची केळी याच पाण्यावर वाढायची.

फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ते नंदाखालचे, आमच्याच पट्ट्यातले. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, बायबलचे मराठी अनुवादक, आणि २०२० मध्ये उस्मानाबादला झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्या पदावर बसलेले पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. पण वसईत जुनी माणसं त्यांची आठवण आधी काढतात ती हरित वसईच्या लढ्यासाठी. पाणी आणि बागायत वाचवायला ते रस्त्यावर उतरले. लहानपणी मला कळायचं नाही, फादरना विहिरींची एवढी काळजी का? या डिसेंबरात कळलं. पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, सगळ्यांनी किल्ला घेतला. मोसम कुणी घेतला नव्हता. भात, ताड, बावखल आपापल्या जागी होते, म्हणून सण चालू राहिला. आमचा सण चर्चवर जेवढा उभा आहे, तेवढाच या सगळ्यावर उभा आहे. आता वरचा सण दिसतोय, खालची जमीन सरकतेय. आणि हे करणारा कुणी शत्रू नाही. त्या चार मजली इमारतीत माझ्याच चुलतभावाचा फ्लॅट आहे.

२३ डिसेंबर

२३ तारखेला दुपारी स्वयंपाकघरात आम्ही नऊ जण होतो. आजी खुर्चीवर बसून. अर्धी बाटली मसाला तिच्या मांडीवर. तिने तो वाटून दिला : एवढा इंद्यालाला, एवढा कोंबडीला, एवढा बाजूला. बाहेरचा पाकिटातला मसाला एका काकूने आणला होता. तो आजीने हुंगला, परत बांधला आणि काही बोलली नाही. नंतर आत्याने वांद्र्याहून दोन बाटल्या पाठवल्या. तिच्या घरचा मसाला वेगळा, तिळाचा वास जास्त. इंद्याल झालं. थोडं तिचं, थोडं आमचं.

मांस मुरायला ठेवल्यावर मी आजीला विचारलं, तुझ्या लहानपणी मध्यरात्रीचा मिस्सा कसा असायचा. ती म्हणाली, लॅटिनमध्ये. कुणालाच काही कळायचं नाही, पण सगळे जायचे. १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आला. तेव्हा ती तरुण होती. मी विचारलं, पहिल्यांदा मराठीत ऐकल्यावर कसं वाटलं? मला वाटलं ती काहीतरी मोठं सांगेल. ती म्हणाली, "लांब वाटला. आधी कळत नव्हतं तेव्हा पटकन व्हायचा."

मग म्हणाली, "मसाला मात्र कुणी भाषांतर करून देत नाही. तो हातानेच येतो."

मी तिला म्हटलं, सांग, मी लिहून घेतो. लॅपटॉप आणला. मिरच्या किती? तिने ओंजळ दाखवली. कुठली ओंजळ, तुझी की माझी? हळद किती? रंग येईपर्यंत. किती वेळ भाजायची? वास बदलेपर्यंत. मी टाइप करत होतो, ती सांगत होती, आणि दोघांनाही कळत होतं की यातलं अर्ध कागदावर येत नाहीये. शेवटी ती म्हणाली, "मे महिन्यात ये. मी बसून सांगीन, तू भाज."

आजी ब्याऐंशी वर्षांची आहे. मे महिना पाच महिन्यांवर आहे. मी एवढंच मोजलं.

२५ ला एकतीस माणसं जेवली, दोन जास्तच आली. आजीने लाल लुगडं नेसून खुर्चीवरून सगळ्यांना वाढायला लावलं. रात्री समुद्रावर गेलो तर वारा नव्हता, पाणी एकदम शांत, आणि लांबवर बोटींचे दिवे. पाचशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याही गलबताला आवडली असती अशी रात्र. घरी परत आलो तर आई परात घासत बसली होती.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी मी ऑफिसात रजेचा अर्ज टाकला : १ ते १० मे. कारणाच्या रकान्यात लिहिलं, घरी नाताळाची तयारी. मॅनेजरने फोन केला. त्याला वाटलं महिना चुकलाय.

मी म्हटलं, नाही, बरोबर आहे. नाताळ मेपासूनच सुरू होतो.

भाग इथे संपवतो. तुमच्याकडे असा एखादा पदार्थ असेल, जो सणाच्या कितीतरी महिने आधी करावा लागतो आणि घरात एकाच माणसाला येतो, तर मला कळवण्याआधी त्या माणसाला फोन करा. पुढच्या भागात भेटू.